तीन मिनिटं की अर्धा तास?

हामामात्सु, ९ ऑक्टोबर

तोकुजिरो मामा,

तुमचं पत्र ऑगस्टमध्ये आलं आणि उत्तराला मी आज बसतेय. मधल्या काळात मी मेले नव्हते, आजारी नव्हते, तुरुंगातही नव्हते. पत्र वाचून गाडीच्या कप्प्यात ठेवलं, आणि ती गाडी सेंदाईला नेऊन मालकाच्या ताब्यात दिली. पत्रासकट. त्या भल्या माणसाने ते परत पाठवलं आणि वर चिठ्ठी जोडली, "तुमच्या मामांच्या पंपाचं पुढे काय झालं?" म्हणजे तुमची काळजी माझ्याआधी एका परक्याला लागली! त्यानंतरही मी उद्या लिहू, परवा लिहू करत तीन आठवडे घालवले. झाली कबुली.

पत्राच्या सुरुवातीला ऋतूचं वर्णन हवं, माहितेय. बाहेर शरद ऋतू आहे. बास.

आता तुमचा प्रश्न. मला नीट कळलाय का ते बघा. पंपाखालची टाकी म्हातारी झाली, मार्चनंतर तिच्यात पेट्रोल भरायला बंदी, आणि नवी टाकी आपल्या आवाक्यातली नाही. सरकारी कचेरी म्हणते, घाटरस्त्यावर हायड्रोजनचं एकच केंद्र उभारू. ते तोचिहाराला तुमच्या पंपावर, नाहीतर बोगद्यापलीकडे मिनोसावाला उशिओंच्या पंपावर. ज्याला ते मिळणार नाही त्याने बॅटरीच्या गाड्यांसाठी चार्जर घ्यावा. दोन्ही नको असेल तर पंपाला कुलूप. नोव्हेंबर संपायच्या आत सांगायचं. आणि तुम्ही विचारताय मला, कारण (तुमचेच शब्द) "तू लोकांच्या गाड्या गावोगाव पोहोचवत हिंडतेस, सगळ्या जातीच्या गाड्या तुझ्या हाताखालून जातात. शाळा पुरी केली नाहीस, निदान या भटकण्याचा तरी कुणाला उपयोग होऊ दे."

होऊ दे! गेल्याच आठवड्यात कंपनीने मला हायड्रोजनची गाडी दिली. नागोयाच्या केंद्रावर भरायला गेले, तर दोन माणसं धावत आली. इस्त्रीचे कपडे, टोप्या, एकाच वेळी वाकून नमस्कार. मला खाली उतरू दिलं नाही, कारण तो नोझल परवानाधारक माणसानेच धरायचा असतो. तीन मिनिटांत काम खलास. फक्त वायू इतका गार असतो की नोझल गाडीला गोठून चिकटला. त्यातला थोरला त्याच्याशी मांजराशी बोलावं तसं बोलत बसला, "सोड रे बाबा, गिऱ्हाईक खोळंबलंय." सुटला. मग काच पुसली, रस्त्यावरची वाहतूक थांबवून मला बाहेर काढलं, आणि आरशात पाहते तर दोघं अजून वाकलेले!

मामा, मला तुम्हीच दिसलात. गाडी देवराईच्या वळणाआड जाईपर्यंत वाकून उभे राहणारे. हे हायड्रोजन तुमच्यासाठीच काढलंय कुणीतरी. डोळे मिटून हो म्हणा.

इथे एक न्हावी आहे, तो केस कापताना बासरी वाजवतो. कसा ते सांगणार होते, पण टपाल निघायची वेळ झाली.

तुमची हिबारि

~

तोचिहारा, १७ ऑक्टोबर

हिबारिस,

डोंगरमाथ्यावरची झाडं तांबडी झाली आहेत आणि सकाळी पंपाच्या पाटीवर दव धरतं. शरद ऋतू असा लिहितात. तुला शाळेत शिकवलंच असेल. तू त्या दिवशी कुठे होतीस ते तुझ्या आईला विचार.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. वाहतूक थांबवून गाडी बाहेर काढतात, हे वाचून बरं वाटलं. जगात अजून माणसं आहेत म्हणायची.

आता माझं ऐक. तुलना करता यावी म्हणून कचेरीने एक चार्जर आमच्या अंगणात तात्पुरता आणून उभा केला. उंचीला माझ्याएवढा, बोलायला माझ्यापेक्षा बरा. परवा पहिलं गिऱ्हाईक आलं, ओसाकाचं तरुण जोडपं. मी धावत गेलो, तोवर त्याने वायर स्वतःच लावलेली. ठीक. मी काचा पुसल्या. चाकांतली हवा पाहिली. करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा निरोपाचा नमस्कार केला.

गाडी हललीच नाही.

मी वाकलेला तो वाकलेलाच. काय करणार? गिऱ्हाईक अंगणात असताना पाठ फिरवून आत जाऊन बसायचं? ज्यांच्या पंपावर मी काम शिकलो, त्या उस्तादांनी असं शिकवलं नाही. थोड्या वेळाने तो तरुण उतरला आणि त्याने नमस्कार केला. मी पुन्हा केला. तो आत बसला. मला वाटलं, कंटाळला असेल. चहा आणि खारवलेला मुळा घेऊन गेलो. मग त्याची बायको उतरली. त्यांनी कुणासाठी तरी नेत असलेला मिठाईचा डबा माझ्या हातात ठेवला. तो फुकट कसा घ्यायचा? मी सफरचंदं आणली. त्यांनी मोजे दिले. मोजे, हिबारि! नवे होते. मी सफरचंदांची दुसरी पिशवी आणायला वळलो, तेवढ्यात त्यांनी वायर उपटली, शंभर वेळा माफी मागितली आणि पळाले. बॅटरी जेमतेम हलली होती. मी वळणापर्यंत वाकून निरोप दिला. दुपारी बोगद्याच्या तोंडाशी गाडी बंद पडल्याचा फोन आला आणि मला ट्रक घेऊन जावं लागलं.

अर्धा तास माणसाला निरोप कसा देत राहायचं? तीन मिनिटांत येतो आणि जातो, तो गिऱ्हाईक. अर्धा तास राहतो तो पाहुणा. आणि पाहुण्यांचा धंदा मला येत नाही.

कचेरीतला माणूस म्हणाला, "उशिओही हायड्रोजनच्या रांगेत आहेत." असणारच. ज्याने आपल्या पंपावर 'आपलं आपण भरा' अशी पाटी लावून यंत्रं बसवली, त्याला आता परवानाधारक माणसाचा मान हवाय. त्या पाटीपासून मी त्याच्याशी बोललेलो नाही आणि बोलणारही नाही.

पंप बंद पडला तर माझं सोड. पण वरच्या वाडीतल्या म्हाताऱ्या हिवाळ्याचं रॉकेल आणायला कुठे जातील? त्यांना माझ्याशिवाय कोण पोहोचवणार? म्हणून नीट बघ. नुसतं वाकणं बघून हुरळू नकोस. मी हुरळलोय तेवढं पुरे.

मोजे चांगले आहेत.

तोकुजिरो

~

मात्सुमोतो, ४ नोव्हेंबर

मामा,

मोज्यांवर मी इतकी हसले की खाणावळीच्या मालकिणीने पाणी आणून दिलं. तिलाही वाचून दाखवलं. रागावू नका, ती तुमच्या बाजूची आहे.

आता माझी फजिती. आणखी एक हायड्रोजनची गाडी मात्सुमोतोला पोहोचवायची होती. रस्ता सरळ होता, मीच सरळ नव्हते. वाटेत कळलं की डोंगरात एक गरम पाण्याचा झरा आहे, तिथे माकडं अंघोळीला येतात. गेले. माकडं आली नाहीत, एक निवृत्त पोस्टमन आला. त्याच्या टपालाच्या गोष्टी ऐकण्यात वेळ गेला. मग खाली शहरातल्या केंद्रावर हायड्रोजन भरायला पोहोचले तर फाटक बंद. रविवार! पाटीवर लिहिलेलं, सोमवारीही बंद. मामा, रविवारी बंद असणारा पंप तुम्ही पाहिलाय? तुम्ही तर लग्नाच्या दिवशीही नोझल धरला होता, असं आई सांगते.

मी म्हटलं, आहे तेवढ्यात पोहोचू. नाही पोहोचले. डोंगरात गाडी शांतपणे बसली. म्हणजे खरंच शांत. मागच्या नळीतून थोडं पाणी ठिबकलं, तेवढाच तिचा शेवटचा शब्द.

एक म्हातारे ट्रक घेऊन आले. मी म्हटलं, "टोचन लावून ओढा." ते म्हणाले, "पोरी, या गाड्यांना टोचन चालत नाही, चाकं फिरली की आतली मोटर फिरते. चढव वर." मग गाडी ट्रकवर चढवून दोरखंडाने अशी आवळली की मी बघत राहिले. गाठ मारून टोक डावीकडून दोनदा आत खुपसलं आणि वर तळहाताने थोपटलं, जणू गाय बांधली. रस्ताभर शीळ घालत होते. घरी नेऊन सोबाच्या गरम शेवया खाऊ घातल्या, वर दुसरी वाटी.

ते म्हणाले, "बॅटरीची असती तर गोठ्यातल्या प्लगला लावून सकाळपर्यंत हलवली असती. आता हिला बादलीभर हायड्रोजन कुठून आणू?" शेवटी कंपनीने मोठा ट्रक पाठवला आणि मी माझ्याच गाडीची सवारी होऊन मात्सुमोतोला आले. कंपनीने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

मंगळवारी मुद्दाम त्या केंद्रावर परत गेले. तिथल्या बाई इतक्या सुंदर वाकल्या की काय सांगू. विचारलं, "आज किती गाड्या आल्या?" म्हणाल्या, "तुम्ही बसने आलात, तेव्हा तुम्हाला धरता येत नाही. सकाळी एक येऊन गेली. उद्या एक यायची आहे, फोन आलाय." बाकी वेळ काय करता विचारलं, तर म्हणाल्या, "फरशी पुसते."

मामा, म्हणून मी माझं आधीचं पत्र मागे घेते. म्हणजे पूर्ण नाही. शहरात बस आहेत, ट्रक आहेत, ते रोज त्याच जागी येतात, रोज भरतात, त्यांना हे झकास आहे. पण तोचिहाराला तुम्ही वाकाल हो, अगदी वळणापर्यंत वाकाल. वाकाल कुणापुढे?

हिबारि

ता. क. त्या म्हाताऱ्यांचं नाव विचारायचं राहिलं.

~

तोचिहारा, १० नोव्हेंबर

हिबारिस,

पहाटे गवतावर हिम धरू लागलं आहे आणि बदकं दक्षिणेला निघाली.

नाव विचारायचं राहिलं! ज्याच्या घरी दोन वाट्या सोबा खाल्लास, त्याचं नाव विचारायचं राहिलं? तू लहानपणीसुद्धा खोटं बोललीस की ते ता. क. मध्ये लिहायचीस.

दोरखंडाचं टोक डावीकडून दोनदा आत घ्यायचं आणि वर थोपटायचं, ही गाठ जगात दोनच माणसांना येते. आमच्या उस्तादांनी ती दोघांनाच शिकवली. त्यातला एक मी. मी परवा तुझ्या गाडीपाशी नव्हतो.

तर तू उशिओकडे जेवलीस. त्याने तुला काय पढवून पाठवलं ते दिसतंय. "वाकाल कुणापुढे?" हे वाक्य तुझं नाही, त्याचं आहे. मी हायड्रोजनमधून बाजूला व्हावं आणि त्याने ते घ्यावं, एवढंच. सोळाव्या वर्षी आम्ही एका दिवशी एकाच पंपावर लागलो. थंडीत एका जोड हातमोज्यांत दोघांनी काम केलं, एक त्याला, एक मला. मग त्याने आपला पंप काढला, मी माझा. आणि एके दिवशी, मला एका शब्दाने न विचारता, न सांगता, त्याने माणसं काढून यंत्रं बसवली. मी पाहायला गेलो होतो. तो आत काचेमागे बसला होता. मला पाहिलं आणि उठलासुद्धा नाही. गिऱ्हाईकापुढे नाही तर नाही, माझ्यापुढेही उठला नाही.

मी कचेरीला हायड्रोजनच कळवणार आहे. सोमवारी माणूस येतोय.

त्याच्या घरी पुन्हा जाऊ नकोस. सोबा कोण करतं आता? तो तर करपवायचा.

तोकुजिरो

~

मात्सुमोतो, १२ नोव्हेंबर, तातडीच्या टपालाने

मामा,

ऋतू, तब्येत, सगळं सोडून देते. सोमवारच्या आत हे तुमच्या हातात पडायला हवं, म्हणून पोस्टात उभ्याने लिहितेय. माझ्यामागे रांग आहे आणि एक बाई खाकरतायत.

हो, उशिओच होते. त्यांनीच सांगितलं, "तोकुला माझं नाव सांगू नकोस, तो पत्र पुढे वाचायचा नाही." आणि "वाकाल कुणापुढे" हे माझंच वाक्य आहे. मला आयुष्यात एक बरं वाक्य सुचलं, तेही तुम्ही त्यांना देऊन टाकलंत!

आता जे मी मागच्या वेळी गिळलं ते. त्यांनी विचारलं, "तोकु अजून वळणापर्यंत वाकतो का?" मी हो म्हटलं. त्यांनी पँट वर करून गुडघा दाखवला. मामा, दोन्ही गुडघे आणि कंबर, तिन्ही कामातून गेलेली. यंत्रं बसवली त्याच वर्षी गेली. उठायला हाताचा आधार लागतो, वाकलं तर अर्ध्यावर अडकतात. म्हणाले, "गिऱ्हाईकापुढे अर्धं वाकण्यापेक्षा यंत्र बरं. यंत्राकडून कुणी नमस्काराची अपेक्षा करत नाही."

मी म्हटलं, "मग मामांना सांगायचं ना!" तर म्हणाले, "जो माझ्याशेजारी वाकायला शिकला, त्याला मी माझं अर्धं वाकणं दाखवू?"

त्या दिवशी काचेमागे ते तुम्हाला पाहून उठले नाहीत. मामा, उठता आलं नाही.

आणि हायड्रोजन त्यांनी मागितलंच नव्हतं. कचेरीने दोघांची नावं आपणहून लिहिली. त्यांच्याकडे एक पिटुकली बॅटरीची गाडी आहे, तिच्यात पाय आखडायला लागत नाहीत म्हणून.

आता तुमच्या अर्ध्या तासाबद्दल माझा शहाणपणा. बाईंचं खाकरणं वाढलंय, म्हणून पटकन. गाडी आली की वाका, निघाली की वाका. मधल्या वेळात आत जा आणि पडदा अर्धा ओढा. माणसाला त्याच्या मर्जीने एकटं सोडणं हाही पाहुणचार असतो. माझ्यासारखीला तर तोच आवडतो. मी आयुष्यभर याच कारणासाठी घरातून पळते, तुम्ही सगळे फार चहा देता.

पुढे तुमची मर्जी.

हिबारि

~

तोचिहारा, ६ डिसेंबर

हिबारिस,

काल पहिला बर्फ पडला. पंपाची पाटी पांढरी झाली आहे, आणि मी ती पुसलेली नाही, कारण बरी दिसते.

तुझं पत्र सोमवारी सकाळी आलं, कचेरीचा माणूस दुपारी. मी त्याला सांगितलं, हायड्रोजन खाली शहरात बसडेपोपाशी न्या, तिथे रोजची गिऱ्हाइकं आहेत. मला हा बोलका खांब ठेवा, आणि रॉकेलची एक लहान टाकी जमिनीवर बसवायला परवानगी द्या. दोन्ही झालं. मार्चनंतर पेट्रोलची नळी मी धुऊन पुसून भिंतीला टांगणार आहे. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. वरच्या वाडीत रॉकेल जाईल, पंपाचा दिवा चालू राहील, वाट चुकलेलं कुणीतरी रस्ता विचारायला येईल. तेवढं पुरे.

तुझा पडदा बसवला. पहिल्या दिवशी मी त्याच्यामागे उभा राहून फटीतून पाहत होतो. गिऱ्हाइकाला माझे पाय दिसत होते, असं शेजारीण म्हणाली. आता बसतो. परवा एक बाई आल्या, चेहरा अगदी उतरलेला. वायर लावली आणि गाडीत झोपून गेल्या. जाग्या झाल्या तेव्हा गाडी भरलेली. जाताना म्हणाल्या, "कित्येक दिवसांत झोप लागली नव्हती." पेट्रोल विकलं इतकी वर्षं, पण माझ्या अंगणात कुणी निर्धास्त झोपलं नव्हतं. मी वळणापर्यंत वाकलो. त्यांनी दिवा लुकलुकवला.

उशिओला पत्र लिहायला चार वेळा बसलो. ऋतूचं वर्णन उत्तम जमतं. पुढे काही जमत नाही. गुडघ्याबद्दल विचारावं तर त्याला वाटेल दया करतोय. न विचारावं तर…

थांब, गाडी आली. वाकून येतो.

हिबारि, उभ्या उभ्याच लिहितोय. पिटुकली पांढरी गाडी आहे. या थंडीत चारही काचा खाली, आत हीटर भट्टीसारखा चालू, दिवे चालू, रेडिओ चालू, काच पुसायचे दांडे कोरड्या काचेवर नाचतायत. बॅटरीचा आकडा तळाला. मिनोसावाहून इथवर येताना एवढी बॅटरी संपूच शकत नाही. हा माणूस घाट दोनदा चढून, सगळं चालू ठेवून, मुद्दाम तिला रिकामी करून आलाय.

दार उघडलंय. उतरायला वेळ लागतोय. मी वाकलो तो पुरता वाकलो नाही, अर्ध्यावरच थांबलो. तोही तेवढाच वाकला.

खांब म्हणतोय, तीस मिनिटं. चहाचं आधण ठेवलंय, आणि पडदा मी गुंडाळून वर बांधलाय.

तोकुजिरो